चष्मेवाल्यांना काय वाटतं

चष्मेवाल्यांच्या दुकानात मोघम उत्तराला थारा नव्हता. गिऱ्हाइकाला खुर्चीत बसवायचं, नाकावर तपासणीची जड फ्रेम चढवायची, तिच्यात आलटून पालटून दोन भिंगं सरकवायची आणि विचारायचं, "आत्ता बरं दिसतं, की आत्ता?" कुणी "दोन्ही सारखंच" म्हणालं, की ते शांतपणे म्हणत, "सारखं कधीच नसतं. घाई नाही, पण एक काय ते सांगा." तीस वर्षांत भलेभले त्या खुर्चीत खरं बोलून गेले होते.

घरी मात्र याच माणसाने तोंडात मिठाची गुळणी धरलेली. जेवण कसं झालंय? "ठीक." भिंतींना रंग कुठला? "कुठलाही." लग्न करायचं ना, असं बायकोने विचारलं होतं तेव्हाही ते "हरकत नाही" म्हणाले होते. तिने ते अजून माफ केलेलं नाही. पाहुण्यांसमोर विनोद म्हणून सांगते, इतकंच.

सोमवारी त्यांच्या मुलीला दूरच्या शहरात, पूल बांधणाऱ्या कंपनीत नोकरी मिळाली. तिला हवी होती अगदी तशी. होकार बुधवारी पाचच्या आत कळवायचा होता.

"बाबा, जाऊ ना?"

"बघ, तुला पटेल तसं," म्हणून बाबांनी वर्तमानपत्राचं पान उलटलं.

बाबांच्या मनात नाही, असा मुलीने अर्थ लावला. बुधवारी दुपारी ती आईला म्हणाली, "नाही म्हणून कळवते मी."

"तासभर थांब," आई म्हणाली आणि चपला घालून थेट दुकानात आली.

"अहो, बसा खुर्चीत."

"अगं, गिऱ्हाईक बसलंय."

"मला घाई नाही," बाकावरचे निवृत्त मास्तर लगबगीने म्हणाले.

तिने नवऱ्याच्या नाकावर फ्रेम चढवली आणि हाती लागली ती दोन जाड भिंगं तिच्यात सरकवली. समोरची बायको धुक्यात गेली. बोलायला कदाचित तेच सोयीचं पडलं असावं.

"पोरगी गेलेली बरी, की राहिलेली?"

"तिला पटेल..."

"तिचं नाही, तुमचं विचारतेय."

"दोन्ही सारखंच."

"सारखं कधीच नसतं," बाकावरून मास्तर.

"गेलेली बरी," चष्मेवाले शेवटी म्हणाले. "इथे राहून काय करणार? भिंगं पुसणार?" मग हळूच म्हणाले, "पण मला करमायचं नाही. संध्याकाळी दार तीच उघडते."

"हे तिला सांगितलंत?"

"न सांगता कळत नाही का?"

"नाही," बायको आणि मास्तर एकदमच म्हणाले.

तिने फोन लावून त्यांच्या हातात दिला. चार वाजून गेले होते.

"तू जा," फ्रेम सावरत ते म्हणाले. "मला करमणार नाही. पण जा."

पलीकडून मुलीने विचारलं,

"बाबा, बरं वाटत नाहीये का तुम्हाला?"

"छान वाटतंय."

"मग दोन दिवस तोंड पाडून का बसला होतात?"

"ते तोंडच तसं आहे गं माझं."

मुलगी आधी हसली, मग नाक ओढल्याचा आवाज आला.

"ठेवा आता फोन. पाचच्या आत होकार पाठवायचाय मला."