देवीपुढची पिवळी कांडी

तळ्याच्या बांधावरून निम्मी वाट सरली, तेव्हा पुट्टतायीची नजर सुनेच्या खांद्यावर गेली आणि ती जागीच थांबली. जयशीलाच्या पदरावर पिवळा ओघळ. कडेवरची पोर आजीने कातलेला नवा लाकडी खुळखुळा चघळत होती. तिचे ओठही पिवळे.

"हळद असेल, अत्ते," जयशीला सासूला म्हणाली.

"लाखेत मुरलेली हळद सुटत नाही गं!"

तिने खुळखुळा हिसकावून घेतला आणि तळ्याच्या पाण्याने पोरीचं तोंड धुतलं. पोरीने भोकाड पसरलं.

"रडू दे. रडतेय ते बरंय," पुट्टतायी पुटपुटली.

चन्नपट्टणात लाकडी खेळणी पुरुषांनी लेथवर कातायची. नवरा गेल्यावर ती लेथवर बसली, तेव्हा दीर हसला होता, "वहिनी, बोटं मोजून ठेवा." बोटं शाबूत राहिली. बायकांच्या केंद्राने तिला काम दिलं. तिथे भाव बायकांना विचारून ठरे, घासाघीस नसे. अट एकच, रंग झाडापाल्याचाच हवा, कारण खेळणं बाळाच्या तोंडात जातं. म्हणून प्रत्येक खेपेचा पहिला नग ती घरच्या लेकराच्या हाती देई.

मग हे झालं कसं? शुक्रवारी ती आणि दीर काम करत त्या शेडमध्ये चौडम्मा देवीची पूजा. तिच्या आणि दिराच्या रंगीत लाखेच्या कांड्या देवीपुढे एकत्रच ठेवलेल्या. दीर हमरस्त्यावरच्या दुकानांसाठी बाजारच्या रासायनिक रंगात काम करी. आरतीत वीज गेली. अंधारात तिने हळदीची म्हणून उचलली ती कांडी दिराची, आणि तीच तिने खुळखुळ्यांवर चढवली.

अर्धे खुळखुळे काल केंद्रात पोचले होते, उरलेले द्यायला त्या आज निघाल्या होत्या. दुपारी माल घेऊन टेम्पो निघणार. न पाहिलेली, दात येऊ घातलेली कितीतरी बाळं तिच्या डोळ्यांपुढे उभी राहिली.

"गप्प बसलो तर?" जयशीला हळूच म्हणाली. "सांगितलंत तर काढून टाकतील तुम्हाला. पुन्हा तुमच्या दिरांच्या हाताखाली पॉलिश मारत बसाल. आणि कळणार कोणाला? तुमच्या चौडम्माला?"

"तिलाच तर भ्यायलेय मी."

केंद्राची लाल कौलं दिसू लागली. सुनेने ओघळ झाकायला पदर उलटा खोचायला घेतला. पुट्टतायीने तिचं मनगट धरलं.

"राहू दे तसाच. आत गेल्यावर माझी जीभ वळली नाही, तर तू पुढे हो आणि हा पदर दाखव. एवढं कर माझ्यासाठी."