विमानतळामागचा पाटा

आमच्या घरात पाटा नव्हता. हैदराबादेत, चिक्कडपल्लीतल्या ओळखीच्या सगळ्या मराठी घरांत होता, आमच्यातच नव्हता. चटणी खलबत्त्यात व्हायची आणि पुरण आई शेजारणीकडे जाऊन वाटून आणायची. एक विकत घे की, म्हटलं की तिचं ठरलेलं उत्तर, "आहे आपला एक." कुठे आहे ते सांगत नसे.

कुकटपल्लीच्या भावाला वंशावळ काढायची हौस आली, तेव्हा ते कळलं. आईवडील तोवर पुरते म्हातारे झाले होते. भावानं कागद पसरला, पणजोबांपासून सुरुवात केली आणि वडिलांखाली स्वतःचं नाव लिहून मोकळा झाला. मी विचारलं, "मी कुठाय रे?"

"वंशावळीत मुली नसतात."

"म्हणजे माझ्या दोघीही नाहीत," आई म्हणाली.

वडील एकदम उखडले. "कशाला उकरून काढायलीस आता?"

पण आईनं त्या दिवशी सगळं सांगितलं. निजामाच्या राज्यात वडील बेगमपेठच्या विमानतळावर भांडारात कारकून होते. मागच्या फौजी लायनीत त्यांना क्वार्टर मिळालं होतं. आतले त्यांना हिंदुस्थानचे हेर समजत आणि बाहेरचे निजामाचे नोकर. हिंदुस्थानची फौज राज्यात शिरली त्या पोलीस अ‍ॅक्शनच्या दिवसांत, डोक्यावर विमानं घिरट्या घालत असताना, माझी थोरली बहीण तापानं गेली. अंगावर पिणारी होती. तान्ह्या लेकराला पुरतात, पण फाटकाबाहेर नेणार कसं? वडिलांनी परसातच खड्डा खणला आणि कुत्र्यांनी उकरू नये म्हणून वर घरातला पाटा पालथा घातला. मग राज्य बदललं. शहरात पेढे वाटले गेले आणि यांना क्वार्टर खाली करायचा हुकूम आला. आई पाट्याशी बसून राहिली, उठेना. वडिलांनी दंडाला धरून तिला टांग्यात घातली. हेच वडील पुढे दरवर्षी झेंड्याखाली उभे राहून आपण कसे मुक्त झालो ते लोकांना सांगत. त्या भाषणांना मी पोरवयात टाळ्या वाजवल्या, याची मला अजून चीड येते.

"मरायच्या आधी एकदा तिथं डोकं टेकवून येते," आई म्हणाली.

"काय ठेवलंय तिथं?" असं म्हणून वडिलांनी वर्तमानपत्रात तोंड घातलं.

मीच तिला घेऊन गेले. तिनं पदराच्या टोकाला अबोलीची फुलं बांधून घेतली होती. फाटकावर मी घसा बसेपर्यंत हुज्जत घातली, तेव्हा कुठे एक शिपाई बरोबर देऊन आम्हाला आत सोडलं. लायनी तशाच होत्या, सगळी घरं एका साच्याची. नंबर मात्र बदललेले आणि परसांत सिमेंट ओतलेलं. आई एकेका परसात डोकावत चालली होती. एका नळापाशी ती थांबली. एका जवानाची तरुण बायको दगडावर कपडे धूत होती. आई खाली बसली आणि दगडाचा फुटका कोपरा बोटांनी चाचपू लागली.

"माझ्याच हातून फुटला होता गं. सासूबाई केवढ्या बोलल्या होत्या."

मी त्या बाईला विचारलं, "ये पत्थर पहले कहाँ था?"

"पता नहीं, आंटीजी. हम आए तब से नल के पास ही है. किसी दूसरे क्वार्टर से उठाके लाए थे, बोलते हैं." आमची तोंडं पाहून ती ओशाळली, घाईघाईनं कपडे बाजूला करू लागली. "आपका है? ले जाइए ना."

आईनं त्या लांबलचक लायनीकडे, सगळ्या सारख्या परसांकडे एकदा पाहिलं. मग गुडघ्यावर हात टेकून उठली. "नक्को बेटा. तू धो ले."

घरी आलो तेव्हा वडील दारातच उभे होते. कधीपासून उभे होते कोण जाणे. "सापडलं का?" त्यांनी विचारलं.

"पाटा सापडला," आई पदराची गाठ सोडत म्हणाली. सुकलेली फुलं तिनं त्यांच्या हातावर ठेवली. "लेक नाही."