येसूच्या डोक्याला काय घालायचं?

फुलं ओवणाऱ्या बाईचे हात गुंतलेले असतात आणि तोंड रिकामं. सकाळपासून केळीच्या सोपटाच्या दोऱ्याला गाठी मारत बसायचं, मग किस्से साठणार नाहीत तर काय होणार? मालवणच्या बाजारात, देवळाकडे वळणाऱ्या रस्त्याच्या तोंडाशी आमची ओळ होती. सगळ्यात जुनी गंगाकाकी, मग येसू, मग मी. समोर केळी घेऊन बसायची ती रुजाय. आता इतकी वर्षं लेकीकडे ठाण्याला राहून माझी बोली निम्मी पुस्तकी झालीय. नाती म्हणतात, "आजी, बाजारातलं काहीतरी हसायचं सांग." सांगते. पण हसायचं म्हणून जे जे आठवतं, ते सगळं मेलं येसूच्या डोक्याचंच निघतं! आम्ही तेव्हा हसलो, खोटं कशाला बोलू? तुम्हीही हसा. पण मला विचाराल तर त्या साऱ्या वर्षात देवानं आम्हाला एकही गोष्ट धड हसण्यासारखी दिली नाही.

*

आमच्या ओळीचा एक नियम होता. बसायच्या आधी पहिली वेणी आपल्या अंबाड्यात माळायची. रिकाम्या अंबाड्याच्या बाईकडून कोण वेणी घेणार? आमची डोकी म्हणजेच आमची दुकानाची पाटी.

आणि येसूचे केस म्हणजे काय सांगू! सोडले तर गुडघ्याला लागायचे. नारळाएवढा अंबाडा, त्यावर अबोलीची वेणी. गिऱ्हाईक आमच्या फुलांच्या पाटीकडे बघायचंच नाही. तिच्या डोक्याकडे बोट दाखवून म्हणायचं, "तश्शी द्या."

एकदा एका मास्तरांची बायको दुसऱ्या दिवशी भांडायला आली. "काल तुमच्याकडून वेणी नेली, घरी जाऊन माळली तर तशी दिसलीच नाही!"

गंगाकाकी मान वर न करता म्हणाली, "बाये, आमी वेणी इकली, डोकां नाय!"

*

मग येसूच्या छातीत गाठ आली. त्या दुखण्याचं नाव आमच्याकडे तेव्हा कोणी मोठ्यानं घेत नसे. तिचा दीर मुंबईला गिरणीत होता, त्यानं मोठ्या इस्पितळात नेलं. गाठ कापली. मग कसलंसं नवीन औषध शिरेतून द्यायला लागले, त्यासाठी अधूनमधून मुंबईला जावंच लागायचं. त्या औषधानं पोटात ढवळायचं, आणि केस जायचे. फणी लावली की केसांचा झुबकाच हातात. वॉर्ड झाडणारी बाई तिला म्हणाली म्हणे, "केवढे गं केस तुझे, माझी सुपली भरली!"

मी बोटीवर आणायला गेले. मोठी बोट बाहेर थांबायची आणि होडीतून माणसं धक्क्याला यायची. सगळे उतरले, येसू काही दिसेना. भिकाजी, तिचा नवरा, अजून होडीतून बोचकी काढत होता. बाजूला डोक्याला पंचा गुंडाळलेला एक वाळका म्हातारा खाली बघत उभा होता. चादरीत नखशिखांत गुरफटलेला. मी त्यालाच विचारलं, "बाबानू, भिकाजीची बायल खंय आसा? बोटीत बघलास?"

म्हाताऱ्यानं तोंड वर केलं.

"ती मुंबैकच रवली गो, मालू."

मी तिथंच धक्क्यावर मटकन बसले. तीच मला उठवायला लागली.

*

आता दुसरी कुठली बाई असती तर घरात बसली असती. येसूला घरात बसायचं नव्हतं. "माका ओळीत बसाचा आसा," एवढंच तिचं म्हणणं. "सवाष्णीसारख्या बसाचा आसा. मी अजून मराक नाय आणि माजो घोवय मराक नाय."

पण ते एवढं सोपं होतं होय? आमच्यात नवरा गेला तरी केस काढायची रीत नव्हती. पण बाजारात येणाऱ्या भटवाडीतल्या बायका, त्यांच्या घरात एखादी तरी आत्या, मावशी तशी असायचीच. बोडकं डोकं म्हणजे नवरा गेलेली, एवढंच त्यांना ठाऊक. आणि विधवेच्या हातची वेणी कुठली सवाष्ण केसात माळणार? पदर घेतला तर समुद्राचा वारा तो ठेवतोय कुठला! पहिल्याच दिवशी पदर उडाला आणि हातात वेणी धरलेल्या एका बाईनं ती परत पाटीत ठेवली. काही बोलली नाही. नुसती ठेवली आणि गेली. बोलली असती तर मी तिला बघून घेतली असती.

तेव्हा ठरलं, येसूच्या डोक्याला काहीतरी बांधायचं.

*

पहिली अक्कल माझी. लाल रंग शुभ! कुंकू लाल, गणपतीचं जास्वंद लाल. मी कापडवाल्याकडून चांगलं पाणीदार लाल कापड आणलं आणि तिच्या डोक्याला घट्ट बांधलं.

थोड्या वेळानं भटवाडीतली एक म्हातारी काठी टेकत आली. केस काढलेल्या विधवा नेसायच्या तसं लाल आलवण, डोक्यावरून पदर, कपाळ मोकळं. येसूला बघून थबकली. मग हळूच तिच्याजवळ टेकली, पाठीवर हात ठेवला आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, "कधी गं गेले तुझे?"

भिकाजी मागेच फुलांची पाटी घेऊन उभा होता. तो म्हणाला, "मी खंय जाव? मी हयसरच आसंय!"

गंगाकाकी हसता हसता आडवी झाली. मीही हसले. म्हातारी मात्र हसली नाही. तिनं भिकाजीकडे बघितलं, येसूकडे बघितलं, आणि म्हणाली, "नवरा आहे आणि तरी हे? बाई गं, मग तुला कुठल्या पापाची शिक्षा?"

लाल कापड मी त्याच दिवशी चुलीत घातलं.

*

मग रुजाय म्हणाली, "माजो रुमाल घे." रविवारी चर्चमध्ये मिसाला जाताना ती डोक्याला बांधायची तो, बारीक निळ्या फुलांचा, हनुवटीखाली गाठ मारायचा. येसूला तो इतका शोभला की काय सांगू! आजारीपण निम्मं झाकलं गेलं. दोन गिऱ्हाइकंसुद्धा झाली.

तेवढ्यात चर्चचे फादर सायकलवरून चालले होते. रुमाल बघून उतरले. "काय गो बाये, ह्या रविवारी मिसाक दिसाक नाय ती?"

येसू म्हणाली, "फादर, एका देवान केस नेल्यान. आता दुसऱ्याक काय देऊ?"

फादर बिचारे भले माणूस. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि काहीतरी पुटपुटले. पण नेमकं ते आमच्या नेहमीच्या दोन बायकांनी बघितलं, आणि संध्याकाळपर्यंत बाजारभर झालं, येसू बाटली! पूजेची फुलं तिच्याकडून कोणी घेईना. रुजायला इतकं वाईट वाटलं की तिनं आठ दिवस आमच्याकडे बघितलं नाही, जणू चूक तिचीच होती.

*

दिरानं मुंबईहून लोकरीची माकडटोपी पाठवली. वैशाखात!

गंगाकाकी म्हणाली, "ही घालून आंबोलीक जावन् रव. हयसर उकडान मरशीत."

येसू म्हणाली, "मराक इतक्या लांब कित्याक जाव?"

*

भिकाजी धक्क्यावर ओझी उचलायचा. बोलका नव्हता, पण बायकोवर जीव. एक दिवस तो दशावतारी नाटकमंडळीतल्या एका माणसाकडून केसांचा टोप मागून घेऊन आला. तो माणूस बायकांची कामं करायचा. टोपाला रंगाचा आणि घामाचा वास, आणि पेट्रोमॅक्सच्या उजेडात काढलेल्या कितीतरी रात्रींची धूळ. आम्ही तो उन्हात टाकला, विंचरला, खोबरेल लावलं, अंबाडा बांधला आणि त्यावर सुरंगीचा वळेसार माळला. सुरंगीचा वास एवढा की बाकी सगळं झाकलं गेलं. येसू आरशात बघत राहिली. म्हणाली, "मालू, ही कोण गो?"

बाजारात आली, बसली. दोन वेण्या विकल्या. आम्ही म्हटलं, चला, जमलं!

तेवढ्यात एक शेतकरी समोर येऊन उभा राहिला. त्या टोपाकडे निरखून बघितलं. टोप ओळखीचा, चेहरा औषधानं सुजलेला, आवाज बसलेला. आनंदानं म्हणाला, "अरे! परवा रात्री आमच्या गावात द्रौपदी केलंस ती तूच मा रे? मेल्या, काय काम केलंस! सगळ्यांका रडयलंस!"

गंगाकाकीनं शिवी द्यायला तोंड उघडलं. येसूनं तिला हातानं थांबवलं आणि त्याला म्हणाली, "खेळ अजून संपूक नाय, दादानू."

तो हसत गेला. येसूनं टोप काढला, मांडीवर ठेवला, वळेसार सोडवून पाटीत टाकला आणि उठून घरी गेली. त्यानंतर ती ओळीत आली नाही.

*

मी रोज जायची तिच्याकडे. भिंतीकडे तोंड करून पडलेली असायची. फूल नेलं तर म्हणायची, "ता भायर ठेव. वास नको." मला तेव्हा फार राग यायचा. कोणावर, ते कळायचं नाही. पुरुषांच्या डोक्याला बघा, पागोटं आहे, टोपी आहे, मुंडासं आहे, काही नाही तर पंचा आहे. टक्कल पडलं तरी कोणी विचारत नाही बायको कधी गेली. आणि जिवंत नवऱ्याच्या बायकोचं उघडं डोकं झाकायला साऱ्या बाजारात एक कापड मिळू नये? मिळणार कुठून! असं डोकं सवाष्णीचं असू शकतं हेच कोणाला ठाऊक नव्हतं.

शेवटी गंगाकाकी म्हणाली, "चला रवळनाथाकडे. गाऱ्हाणां घालूया."

आमच्याकडे काहीही अडलं की देवाला गाऱ्हाणं घालतात. गुरव देवासमोर उभा राहून आपलं मागणं बोलतो आणि आपण प्रत्येक वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणायचं. आपण म्हटलं की ते मागणं पक्कं. येसू घरी पडलेली, म्हणून भिकाजी, गंगाकाकी आणि मी गेलो. गुरवानं विचारलं, "काय मागाचा?"

नेहमीप्रमाणे गंगाकाकीच बोलली. "केस! येसूचे केस परत येवंदेत. केस इले काय देवाक अबोलीन मढवतलंव."

सारा उन्हाळा आमच्या तोंडात दुसरं होतं काय? गुरव बोलला, "बा रवळनाथा म्हाराजा, ह्या तुज्या लेकराचे केस गेले आसत, ते तू परत दी रे म्हाराजा..." आम्ही तिघांनी जोरात म्हटलं, "व्हय म्हाराजा!"

*

त्यानंतर भिकाजी तिला औषधासाठी पुन्हा मुंबईला घेऊन गेला. ह्या खेपेस लवकर परत आले. पावसाळ्यामुळे बोटी बंद होत्या, तळेऱ्यावरून एस्टीनं आले. दोनेक महिन्यांत येसूच्या डोक्यावर लव दिसायला लागली. मग काळे, मऊ केस, जावळ काढलेल्या पोराला येतात तसे!

बाजारात दिवाळी! रुजायनं केळी वाटली. गंगाकाकी येणाऱ्याजाणाऱ्याला धरून सांगायची, "बघलास? आमच्या देवान दिल्यान!" येसू उघड्या डोक्यानं ओळीत येऊन बसली, आणि ज्या बायका वेणी परत ठेवून गेल्या होत्या, त्याच तिच्या डोक्यावरून हात फिरवून गेल्या. वेणी काही त्या केसांत राहत नव्हती. मी सुईदोऱ्यानं तिच्या कानाजवळ एक अबोलीचं फूल टाचलं.

त्या दुपारी भिकाजीनं मला हाक मारून धक्क्याकडे नेलं.

"मालू, तुका सांगतंय, कोणाक बोला नको," तो म्हणाला. "डॉक्टरान औषद बंद केल्यान. सगळ्या आंगात पसारला. आता उपेग जावचो नाय म्हणालो. औषद थांबला म्हणान केस इले."

"तिका म्हायत आसा?"

"नाय."

मग तो पाण्याकडे वळला. म्हणाला, "देवाक आमी केसच मागले गो."

*

नवस फेडायला सगळे गेलो. येसू हिरवं लुगडं नेसून, भर बाजारातून, डोक्यावर पदरसुद्धा न घेता. अर्ध्या वाटेत दम लागायचा, मग भिकाजीचा हात धरून उभी राहायची आणि हसायची. आम्ही देवाला अबोलीनं मढवला. गुरव खूश झाला. "बा रवळनाथा म्हाराजा, ह्या लेकरान मागला ता तू दिलंस, ह्येची सेवा तू मान्य करून घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

मग त्यानं विचारलं, "आणखी काय मागाचा आसा? आज देव प्रसन्न आसा."

मी भिकाजीकडे बघितलं. त्यानं तोंड उघडलं होतं.

त्याच्या आधी येसूच बोलली. "नको हो! एकदा मागला, ता देवान दिल्यान. परत मागला तर देव म्हणतलो, ह्या बायलेची हाव सरनाच नाय!"

सगळे हसले. गुरवसुद्धा हसला आणि देवाकडे वळून म्हणाला, "बा रवळनाथा म्हाराजा, ह्येंचा आता काय एक मागणां नाय रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" गंगाकाकी आणि रुजाय एका सुरात म्हणाल्या. रुजायसुद्धा!

येसूनं भिकाजीला कोपरानं ढोसलं. "अवो, तुमी म्हणाक नाय. देवासमोर गप रवतंत? म्हणा!"

भिकाजी म्हणाला, "व्हय म्हाराजा."