गच्चीवरचं रक्तपिशाच

प्लास्टिकचा सुळा घशात अडकला आणि कोपर स्टेशनजवळच्या आमच्या गच्चीवरचं रक्तपिशाच काळंनिळं पडलं. शूटिंगला जमलेले बाकीचे टाळ्या वाजवत होते. त्यांना तो अभिनय वाटला.

पिशाच झालेला हा शेजारचा इलेक्ट्रिशियन मोबाईलवर भुतांचे विनोदी सिनेमे काढतो. रक्त म्हणजे माझं कोकम, वटवाघूळ म्हणजे दोऱ्याला टांगलेली फाटकी छत्री. दोरा दिसतो, म्हणून तर मी बघते. विनोदाआधी हाच खिदळतो. आजही खिदळला आणि सुळा आत गेला.

मी उठून त्याच्या पाठीत सणसणीत धपाटे घातले. सुळा बाहेर उडाला.

“अगं आजी, मध्ये कशाला आलीस? शूटिंग चालू आहे!”

“मेल्या, आधी श्वास घे!”

धपाटे त्याने सिनेमात ठेवलेत. त्यात पिशाच माझ्या हातून मरतं. तो वाचला.