दोन पानांचं झाड

हैदराबादेतल्या आमच्या नारायणगुड्याच्या कॉलेजातला माळी वाळवंटातून आणलेल्या त्या झाडाला पाणी घालायचाच नाही. रोज सकाळी, दव पडावं तसं, ओल्या फडक्याने त्याची जन्मभराची दोनच पानं पुसायचा. "ओस पे सैकडों बरस जीता साब," म्हणायचा.

मी कचेरीतला कारकून. मला तो कामचुकार वाटला. त्याची पाठ वळली की मी तांब्याभर पाणी ओतायचो. झाड मुळाशी कुजलं. प्रिन्सिपॉल सगळ्यांसमोर माळ्याला वाट्टेल ते बोलले. "मेरीच गलती," एवढंच तो म्हणाला. मी रजिस्टरमध्ये डोकं खुपसून बसलो.

पुढे हैदराबाद राज्याची वाटणी झाली आणि माझी बदली औरंगाबादला. निघताना त्याने मोगऱ्याचं रोप माझ्या हातात दिलं.

"आपकू पानी डालने का शौक है ना साब? इसकू रोज डालो."