वणव्यातलं पाच पावलांचं लग्न

डोंगरावरून उतरलेल्या त्या मोठ्या वणव्याची आठवण म्हणून अचलपुरात दर उन्हाळ्यात कार्यक्रम होतो. वाचलेल्यांच्या यादीत मी असल्यामुळे मलाही बोलावणं येतं. आम्हाला पहिल्या रांगेत बसवतात, भर वैशाखात अंगावर लोकरीची शाल घालतात आणि मग दीपप्रज्वलन करतात. आमच्यातली एक बाई दरवर्षी उठते, समईपाशी जाते आणि वात चिमटीत धरून विझवते. तिला कोणी अडवत नाही. निवेदक घसा साफ करून पुढच्या वक्त्याला बोलावतो.

ती बाई त्या दिवशीची नवरी. आणि तिचं लग्न लावणारा भटजी मी.

वडिलांचा पाय मुरगळला म्हणून मी पहिल्यांदाच एकटा लग्न लावायला निघालो होतो. परतवाड्याच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी गाव. एसटीतून उतरलो तेव्हाच वर धूर दिसत होता. नवरीच्या वडिलांना विचारलं, तर ते म्हणाले, "तो रोजचाच हाये महाराज. मोहफुलं वेचाले लोक पालापाचोळा जाळून राहिले. तुमी मुहूर्ताचं पाहा."

मी मुहूर्ताचं पाहिलं. दुपारी अंतरपाट धरला. दुसरं मंगलाष्टक संपवून 'सावधान' म्हणालो आणि त्याच क्षणी एक माणूस "आग आली, पळा" असं ओरडत मांडवात घुसला. लोकांनी सवयीने त्याच्यावर अक्षता टाकल्या. तो डोक्यावरचे तांदूळ झटकत पुन्हा तेच ओरडला, तेव्हा कुठे सगळ्यांनी मागे वळून पाहिलं. वारा फिरला होता. गावामागचं रान पेटलं होतं आणि कोरडं गवत धरून आग शेतांपर्यंत उतरली होती.

आम्ही तळ्याकडे पळालो. तळं आटून कंबरभर राहिलेलं, खाली चिखल. त्यात सगळं वऱ्हाड उतरलं, बँडवाले त्यांच्या मोठ्या ढोलासकट उतरले, गावातल्या म्हशी तर आधीच येऊन बसल्या होत्या. फक्त आचारी मागे फिरला. "बुंदीची कढई चुलीवरच हाये," तो म्हणाला. "तेल पेटलं तं मांडव जळन." त्याला दोघा-तिघांनी हाका मारल्या. त्याने हात वर करून 'आलोच' असं दाखवलं.

धुराने डोळे उघडेनात. बायका ओला पदर तोंडावर धरून उभ्या होत्या. अशात नवरीचे वडील पाणी तुडवत माझ्यापाशी आले आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "महाराज, मुहूर्त चाल्ला. मरण आलंच तं पोरगी सवाशीण तं जाईन. लावून टाका."

मला माझ्या वडिलांनी शिकवलेलं तेवढं आठवत होतं. मी म्हणालो, "होमाशिवाय कसं लावू? अग्नी साक्षीला लागतो."

नवरीची आत्या शेजारीच म्हशीच्या पाठीला धरून उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं, मग तळ्याच्या काठाकडे. "अग्नी पायजे ना महाराज? तिन्ही बाजूनं हाये. कोणता चालते ते सांगा."

मी पूर्वेकडचा निवडला.

राहिलेली मंगलाष्टकं खोकत खोकत म्हटली. अक्षता संपल्या होत्या, लोकांनी पाणी शिंपडलं. नवरदेवाने मंगळसूत्र बांधलं. मग सप्तपदी. चिखलातून एकेक पाय उपसत नवरी चालली. मी एक, दोन, तीन मोजत होतो. पाचव्या पावलाला तिचा पाय रुतला, आणि तेवढ्यात वाऱ्याबरोबर निखाऱ्यांचा झोत आमच्या डोक्यावर आला. सगळ्यांनी पाण्यात बुडी मारली. वर आलो तेव्हा वारा उलटला होता. आग आली तशी दुसऱ्या अंगाने निघून गेली.

संध्याकाळी बाहेर आलो, तर अर्धं गाव राख झालेलं. मांडव जळाला होता. आचाऱ्याचं प्रेत चुलीपाशी सापडलं. चूल मात्र विझलेली होती, आत पाणी ओतलेलं होतं.

दोन पावलं राहिली हे मला ठाऊक होतं. मी कोणाला बोललो नाही. पण नवरीने मोजली होती.

ते दोघं पुढे अकोल्याला गेले, संसार झाला. भांडण झालं की ती म्हणायची, "मी पाच पावलाची बायको हाये. पाच गोष्टी आयकल्या, दोन नाई आयकनार." कोणत्या दोन, हे ती ऐनवेळी ठरवायची.

यंदाच्या कार्यक्रमात तो शाल सावरत उठला आणि माइकपाशी गेला. आता त्याला नीट चालवत नाही. "महाराज इथंच हायेत," तो म्हणाला. "माहे दोन पावलं बाकी हायेत. मराच्या आधी लगन पुरं होऊ द्या."

आयोजकांना आनंद झाला. सतरंजी सरळ केली. मला वर बोलावलं. ती खुर्चीतच बसून होती.

"काहून?" तिने विचारलं. "इतके वर्ष अडलं का काही?"

"अडलं नाई," तो म्हणाला. "पण मले वाटते."

तिने अंगावरची शाल काढून खुर्चीवर ठेवली. मग उठली, त्याचा हात धरला. मी मंत्र म्हटला. तिने एक पाऊल टाकलं. मी पुढचा मंत्र सुरू करणार तोच ती म्हणाली, "बस महाराज. एक राहू द्या."

लोकांना टाळ्या वाजवाव्यात की नाही कळेना. काहींनी वाजवल्या.

जेवणं झाल्यावर मी त्यांना सोडायला स्टँडवर गेलो. ती भरभर पुढे जाऊन गाडीत चढली. तो दोघांच्या शाली हातावर घेऊन माझ्यापाशी थांबला. "महाराज, सहावर चालते का हो?"

शास्त्रात चालत नाही. मी म्हणालो, "चालतं."

त्याने मान हलवली आणि दांडा धरून सावकाश वर चढला. खिडकीजवळच्या जागेवर तिने त्याच्यासाठी रुमाल टाकून ठेवला होता.