ओच्यातलं खाणं

नातवाला सांभाळायला लातूरला चालले, असं केवळाबाईनं गावात सगळ्यांना सांगितलं होतं. ते खोटं नव्हतं. पण त्या साली औशाकडच्या तिच्या गावात विहिरींचा तळ दिसत होता आणि रानात खुरपणीचं काम उरलं नव्हतं, हे सांगायची गरज तिला वाटली नाही. गावातल्या लोकांनाही विचारायची गरज वाटली नाही.

लातूर जिल्हा होऊन तेव्हा फार दिवस झाले नव्हते. मिळेल त्या इमारतीत कचेऱ्या थाटल्या जात होत्या. केवळाबाईचा लेक भीमा उस्मानाबादच्या कचेरीत कारकून होता, तो टेबलखुर्च्यांबरोबर इकडं आला. त्याची बायको यशोधरा देगलूरची, मास्तराची मुलगी, सरकारी दवाखान्यात नर्स. दोघंही सकाळी बाहेर पडायची. मागं अडीच वर्षांचा सुजात आणि त्याची आजी, सरकारी चाळीतल्या दोन खोल्यांत.

यशोधरानं पहिल्याच दिवशी सासूला वेळा सांगितल्या. दहाला वरणभात, एकला पोळीभाजी, चारला दूध आणि दोन बिस्किटं, आठला जेवण. मधे काही नाही.

"आन त्याला मधीच भूक लागली मंग?"

"नाही लागत. सवय लावली की वेळेवरच लागते."

"भूक काय हजेरीपटावर सही करून येती व्हय?" केवळाबाई म्हणाली. भीमा हसला आणि बायकोनं पाहिल्यावर हसायचा थांबला.

केवळाबाईच्या मते लेकराच्या हातात कायम काहीतरी पाहिजे. भाकरी थापून झाल्या की परातीत उरलेल्या पिठाची ती तळहाताएवढी चानकी करायची, वर गूळ घासायची आणि पोराच्या हातात द्यायची. ते चानकी कुरतडत घरभर हिंडायचं. मग यशोधरा ताट घेऊन बसली की तोंड फिरवायचं.

"आत्याबाई, मधे काय दिलंत?"

"काय न्हाई."

"तोंडाला गूळ लागलाय त्याच्या."

"दिसून राहिलंय तर इचारतीस कशाला?"

भीमा या भांडणात पडत नसे. "तुमी दोघी ठरवा, मला कचेरीत उशीर होऊन राहिलाय," म्हणून तो सायकल काढायचा. उशीर झालेला नसला तरी.

चानकीवरून रोज खटके उडायचे, पण ते दोन्हीकडून सोसण्यासारखे होते. यशोधराची खरी अट दुसरीच होती. दुसऱ्याच्या दारात पोराला काही खाऊ द्यायचं नाही. कुणी दिलं तरी घ्यायचं नाही. ही अट तिनं एकदाच सांगितली आणि कारण दिलं नाही. केवळाबाईनं तिचा अर्थ आपल्यापरीनं लावला. नवकरीचा तोरा, दुसरं काय. शेजारपाजार म्हणून काही असतं की नाही माणसाला.

शेजार म्हणजे गौरम्मा. ती उदगीरची, लिंगायताची. तिचा नवरा विरूपाक्ष ट्रेझरीत होता. पोरं शाळेत गेली की गौरम्माला घर खायला उठायचं. टँकर आला की ती केवळाबाईची घागर आपल्या पुढं लावू द्यायची. घागरीला घागर लागणार नाही एवढं अंतर ठेवून, पण पुढं लावू द्यायची. कढईतून कडबोळी निघाली की दारात येऊन हाक मारायची, "बारो सुजात, बारो!" कानडीतलं ते 'बारो' म्हणजे 'ये रे', हे पोराला कुणी न सांगता कळलं होतं. ते पळत जायचं, उंबऱ्याबाहेर थांबायचं आणि दोन्ही हातांनी सदऱ्याचा ओचा करून पुढं धरायचं. पोट उघडं पडायचं. गौरम्मा वरून कडबोळं सोडायची. ते ओच्यात पडलं की पोरगं खिदळायचं, गौरम्माही हसायची.

"किती शाणं लेकरू हाय ओ तुमचं," ती पायरीवर बसलेल्या केवळाबाईला म्हणायची. "आमची पोरं डब्यात हात घालतेत. हे बगा, उंबऱ्याला पाय लावत न्हाई, कशाला शिवत न्हाई. लांबनं ओचा पसरतंय."

केवळाबाईला बरं वाटायचं. या चाळीत आल्यापासून तिच्या वाट्याला आलेली ही एकच शाबासकी होती. वळण लावलंय म्हणावं लेकराला, बघा.

एका दुपारी दवाखान्यातली पाळी बदलली म्हणून यशोधरा लवकर घरी आली. गौरम्मा उंबऱ्याच्या आत, हात उंच. सुजात उंबऱ्याच्या बाहेर, सदरा वर. मागं पायरीवर सासू, तोंडभर समाधान. यशोधरा पुढं झाली. तिनं पोराला उचललं. कडबोळी घरंगळली.

"अगं बाई, सांडली की," गौरम्मा म्हणाली. "थांबा, दुसरी देते."

यशोधरा घरात गेली. तिनं पोराचा सदरा काढून बादलीत टाकला. पाण्याची एवढी चणचण असताना एका सदऱ्यासाठी तिनं बादलीभर पाणी घेतलं, हे केवळाबाईच्या लक्षात आधी आलं. सुनेचा चेहरा त्यानंतर.

"कुणी शिकवलं त्याला हे?"

"काय?"

"ओचा पसरायला."

"शिकवाय कशाला लागतंय? एवढ्याशा हातात किती मावल त्याच्या?"

"हात पुढं करायचा असतो, आत्याबाई." यशोधराचा आवाज चढला नाही. दवाखान्यात नातेवाइकांशी बोलायचा तो आवाज होता. "देगलूरला एका लग्नात माझ्या बापानं मला पंगतीतून उठवलं होतं. वाढपी आमच्या ओळीला वरून टाकत होता म्हणून. मी लहान होते. जिलबी होती. घरी येईपर्यंत रडले. पण उठवलं."

"म्या न्हाई शिकवलं. लेकराची आण."

"आण घेऊ नका त्याची."

"मंग काय करू? न्हाईच शिकवलं तर!"

यशोधरानं टोपल्यातली अर्धी भाकरी घेतली, वर चटणीचा गोळा ठेवला आणि सासूपुढं धरली. "घ्या. जेवला नाहीत ना अजून?"

केवळाबाई खरंच जेवली नव्हती. भाकरी पदरात पडली, त्यानंतर तिला कळलं की आपण पदर पसरला होता. आपल्याच घरात, आपल्याच सुनेपुढं. खाली बसलेल्या सुजातनं आजीकडं पाहिलं आणि अंगात सदरा नव्हता म्हणून बनियनची कड वर उचलली.



ही सवय कुठली, हे केवळाबाईला आठवावं लागलं नाही. परकरात होती तेव्हा आईबरोबर ती गावात भाकरी मागायला जायची. मोठ्या घरची बाई ओट्यावरून सोडायची, खाली पदर धरायचा. भाकरी खाली पडली तर चूक आपली. पुढं गावातल्या त्यांच्या माणसांनी दीक्षा घेतली, बैठक घेऊन मागणं बंद केलं. केवळाबाईच्या नवऱ्यानं तर घरातली मागायची टोपली भर आळीत जाळली होती. पदर जाळायचं मात्र कुणाला सुचलं नाही.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. रस्त्याच्या कामावर खडी फोडायला सगळं गाव एका ओळीत बसलं. दुपारी सुकडी, म्हणजे सरकारी कोरडं भरड खाणं, वाटायचे. मुकादम पातेल्यातून वाटी भरून वरून ओतायचा आणि बायका पदर धरायच्या. केवळाबाईच्या शेजारी पाटलाची सून बसायची. तिनंही पदर धरला. तेव्हा केवळाबाईला थोडं बरं वाटलं होतं, हे तिनं कुणाला सांगितलं नाही. पुढच्या साली पाऊस पडला. पाटलाच्या सुनेनं पदर कमरेला खोचला आणि ती आपल्या ओट्यावर गेली. केवळाबाईचा पदर तसाच राहिला. गोळी असो, बिस्किट असो, लेकानं दिलेली नोट असो, ती पदरात घ्यायची. या घरात आल्यापासून पोरानं तेच पाहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी सून कामावर गेल्यावर तिनं नातवाला समोर बसवलं. गुळाचा खडा दाखवला. पोरानं ओचा केला.

"आसं न्हाई. हात कर. हात."

पोरानं ओचा आणखी वर धरला. तिनं त्याची बोटं सदऱ्यापासून सोडवली. त्यानं परत धरली. चार वेळा झालं आणि मग तिनं मनगटावर फटका मारला. जोरात बसला. पोरगं रडलं, रडता रडता हात पुढं केला. तिनं गूळ हातावर ठेवला आणि त्याला पोटाशी धरलं. शिकलं तर. आता सून कशाला बोलतीय?

दुपारी गौरम्माची हाक आली. या खेपेला केवळाबाई पायरीवर बसली नाही. नातवाचा सदरा खाली ओढून त्याच्या मागं उभी राहिली.

"हातात द्या त्याच्या."

"पसरू द्या की ओ. सवय हाय त्याला."

"मोडली सवय. हातात द्या."

सुजातनं हात पुढं केला होता. ओला, गुळानं चिकट झालेला हात. गौरम्माचा हात मधेच थांबला. ती हसली, ते हसू मनापासूनचं होतं आणि अडचणीत सापडलेलं होतं.

"माझी पूजा ऱ्हायलीय आज. शिवले तर परत आंघोळ. पाणी कुठं हाय?"

तिच्या कपाळावर विभूतीचे तीन पट्टे होते. पूजा झाल्याशिवाय ती विभूती लावत नसे, हे एवढ्या दिवसांच्या शेजारात केवळाबाईला माहीत झालं होतं. गौरम्मानं डब्यातला कागद काढला, त्यावर दोन कडबोळी ठेवली आणि कागद उंबऱ्याबाहेर फरशीवर ठेवला.

"घे रे राजा. उचल."

पोरगं वाकलं. केवळाबाईनं त्याचं मनगट धरलं आणि ओढत घरात आणलं. ते दारापर्यंत किंचाळत होतं. मागून गौरम्माचा आवाज आला, "राग आला का ओ? लेकराला का उपाशी ठेवता?" त्या आवाजात खरंच काळजी होती. केवळाबाईला तोच आवाज जास्त लागला.

संध्याकाळी तिनं सुनेला सगळं सांगितलं. कागद, पूजा, विभूती. तिला वाटलं होतं, सून चिडेल, शेजारणीला चार शब्द सुनावेल. यशोधरा भाजी चिरत राहिली.

"मला माहीत होतं."

"मंग बोलली का न्हाईस?"

"मला वाटलं, तुम्हाला माहीत आहे."

 माहीत होतंच केवळाबाईला. इतकं माहीत होतं की दिसायचं बंद झालं होतं.

जेवणं झाल्यावर भीमा आईजवळ येऊन बसला. तो एरवी असा बसत नसे, म्हणून तिला आधीच कळलं.

"माय, देगलूरहून हिची आई येऊन राहिलीय. थोडे दिवस. गावात टँकर सुरू झालाय म्हणतेत. पाऊस लागला की मी तुला घ्यायला येतो."

"आन म्या शिकवलं त्याला त्याचं काय? आज केला की हात पुढं! इचार त्याला."

यशोधरानं सुजातचा हात उचलून दिव्यापुढं धरला. मनगटाच्या वर बोटांचे वळ होते.

"असा शिकवला ना?"

केवळाबाईनं ते वळ पदराच्या टोकानं चोळले.

"तुमचा दोष नाही, आत्याबाई. पण तो तुमच्याजवळ राहिला की तुमच्यासारखंच घेणार. मारलं तरी घेणार. मला ते नको."

"दोष न्हाई तर धाडतीस कशाला?"

यशोधरा उठून भांडी आवरायला लागली. भीमानं सकाळच्या गाडीची वेळ सांगितली. ती त्यानं दुपारीच विचारून ठेवली होती.

निघताना सुजात झोपलेला होता. त्याला उठवू नका, असं यशोधरा म्हणाली नाही. केवळाबाईनंच उठवलं नाही. उठला असता तर काहीतरी मागितलं असतं, आणि ते कसं द्यायचं हे आता तिला कळत नव्हतं.

भीमानं गाठोडं वर टाकलं, खिडकीजवळची जागा धरून दिली आणि गाडी हलायच्या आधीच कचेरीकडं निघून गेला. गाडी औशाच्या रस्त्याला लागली. दोन्ही बाजूंची रानं नांगरून तशीच पडलेली होती. शेजारच्या बाईनं तंबाखूची चिमूट मळत विचारलं, "लेकाकडं होता जणू?"

"हाव. नातवाला सांभाळाय."

"मंग माघारी निघालात? लेकरू एवढ्यात मोठं झालं का?"

"झालं की," केवळाबाई म्हणाली. "आता हातानं खातंय."